वारसा घाटावरचा, फलक घाटाखालचा

पुण्यामुंबईत कोणी "तुम्ही कुठले?" असं विचारलं की बुलढाण्याच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. "बुलढाण्याचा" म्हणून सुटका होत नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. समोरचा डोळे बारीक करतो आणि म्हणतो, "म्हणजे अकोल्याकडे का?" आपण म्हणतो, "शेगाव माहितीये ना?" लगेच त्याचा चेहरा उजळतो. "अरे, गजानन महाराजांचं! म्हणजे तुम्ही शेगावचे!" आपण नाही म्हणतो. "मग लोणारचे?" नाही. "सिंदखेडराजाचे?" तेही नाही. मग तो जरा चिडतोच. "मग तुमच्या बुलढाण्यात आहे तरी काय?"

"थंड हवा," आपण सांगतो.

"विदर्भात?" तो विचारतो आणि संभाषण तिथंच संपतं. माणूस थापाड्या दिसतो, असा त्याचा कायमचा ग्रह झालेला असतो.

ही परिस्थिती मे 2023 मध्ये बदलली. शांघायच्या विश्वचषकात प्रथमेश जावकर या आमच्या 19 वर्षांच्या पोरानं कंपाउंड धनुर्विद्येच्या अंतिम फेरीत जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं. या श्लोसरला धनुर्विद्येच्या जगात 'मिस्टर परफेक्ट' म्हणतात. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत त्यानं सांघिक सुवर्णपदक आणलं. अंतिम लढतीत हरवलं ते दक्षिण कोरियाला, 235-230. कोरियाला धनुर्विद्येत हरवणं म्हणजे काय, हे आम्हाला पेपरात वाचून कळलं. बाण मारला एकानं आणि छाती फुगली तेराही तालुक्यांची.

हा खेळ कसा असतो, हे मात्र गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. आमच्या चौकातल्या पानटपरीवर मी वर्तमानपत्र वाचून सगळ्यांना समजावून सांगितलं. धनुष्याला दोन्ही टोकांना चाकं असतात. लक्ष्य 50 मीटरवर असतं. त्या लक्ष्यावर दहा गुणांचा गोल असतो तो अवघा 8 सेंटीमीटरचा. सामन्यात 15 बाण मारायचे. म्हणजे 149 गुण मिळवायचे तर 14 बाण त्या 8 सेंटीमीटरच्या आत गेले पाहिजेत आणि उरलेल्या एकानंही फार लांब भटकून चालत नाही.

"हात्तेरी!" टपरीवाले मामा म्हणाले. "अन् मले इतक्या जवळून तुमच्या पानाले चुना बराबर लावता येत नाही."

ही कबुली त्यांनी पहिल्यांदाच दिली होती. आम्ही इतकी वर्षं सोसत होतो.

आमच्याकडे कोणतीही चांगली गोष्ट घडली की आधी अभिनंदन होतं, मग सत्कार होतो, आणि सत्कारात ज्यांना भाषण करायला मिळालं नाही त्यांची मग समिती होते. तशी आमचीही झाली. अध्यक्ष झाले एक माजी नगरसेवक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. तज्ज्ञ म्हणून एक निवृत्त क्रीडाशिक्षक आले. बैठका टपरीवर होणार, म्हणून मामा पदसिद्ध सदस्य झाले. सचिवपद माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे स्टेपलर होतं.

माझा क्रीडाक्षेत्राशी संबंध नाही असं कोणी समजू नये. शाळेच्या स्नेहसंमेलनात धावण्याच्या शर्यतीच्या शेवटी जी दोरी धरतात, ती धरणाऱ्या दोघांपैकी एक मी असे. त्या अर्थानं शाळेतल्या प्रत्येक शर्यतीत अंतिम रेषेवर मी सगळ्यांच्या आधी पोहोचलेला असे. या विक्रमाची नोंद अद्याप कोणी घेतलेली नाही.

क्रीडा वारशासाठी एक रस्ताच करावा, ही कल्पना या क्रीडाशिक्षक सरांची. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, की अमेरिकेत उत्तर कॅरोलायना नावाचं राज्य आहे आणि तिथं मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासावर एक पर्यटनमार्गच आखलेला आहे. त्या शर्यतींचं मूळ हातभट्टीच्या दारूत आहे. डोंगरात चोरून दारू गाळायची, रात्री गाडीत भरायची आणि पोलिसांच्या पुढं पळवायची. यात जी पोरं तरबेज झाली, तीच पुढं शर्यतीतले चॅम्पियन झाली. त्यांतला ज्युनियर जॉन्सन नावाचा एक जण भट्टीपायी तुरुंगातही जाऊन आला. पुढं 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली आणि आता तिथल्या महामार्गाच्या एका टप्प्याला त्याचं नाव आहे.

मामा हे सगळं तोंडाचा आ करून ऐकत होते. "म्हंजे आधी दारू गाळली, मंग जेल, मंग माफी, अन् मंग रस्त्याले नाव?"

"होय."

"मंग सर, आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी तर शेकडो रस्ते तयार हायेत."

भाऊंनी विषय बदलला. निवडणुका जवळ होत्या.

मूळ प्रस्ताव अगदी सुटसुटीत होता. शहरातला एक रस्ता घ्यायचा, त्याला 'क्रीडा वारसा मार्ग' म्हणायचं, दोन्ही टोकांना फलक लावायचे आणि पर्यटकांची वाट पाहायची. पण आमचा जिल्हा एकसंध नाही. नकाशात तो एक दिसतो, प्रत्यक्षात त्याचे दोन देश आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. मधे राजूर घाट आहे, आणि तो चढताना-उतरताना हवा, पीक, भाषा, भाकरीची जाडी आणि माणसाचं मत असं सगळं बदलतं. घाटाखालच्या माणसाच्या मते घाटावरच्यांना फक्त मुख्यालय मिळालं. घाटावरच्याच्या मते घाटाखालच्यांना रेल्वे मिळाली आणि तरी ते रडतात.

त्यामुळे प्रस्तावाची बातमी फुटल्यावर दुसऱ्याच बैठकीला टपरीवर खुर्च्या कमी पडल्या.

पहिला दावा नांदुऱ्याचा. "आमच्याकडं महामार्गाला लागून 105 फुटांचा मारुती उभा आहे. बलोपासनेचं दैवत. त्याच्याशिवाय क्रीडा वारसा म्हणजे काय?" मारुतीला नाही म्हणायची कोणाची छाती? नांदुरा मंजूर. मग त्याच मारुतीच्या शेपटासारखा आमचा मार्ग लांबत गेला.

खामगाव म्हणालं, आम्ही रजतनगरी. पदकं चांदीची असतात, म्हणजे निम्मा वारसा आमचाच. सरांनी हळूच सांगितलं की सुवर्णपदकही असतं. खामगावकर म्हणाले, "ते बघा तुमचं तुम्ही. पण मेक्सिकोत 2023 च्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत पोराला रौप्य मिळालं, ते आमच्या खात्यात टाका." टाकलं.

सिंदखेडराजाचं नाव निघताच सगळे उठून उभे राहिले आणि ते गाव चर्चेविना मंजूर झालं. जिजाऊंच्या माहेराशी वाद घालणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. त्या दिवशीचं एकमतानं झालेलं ते एकच काम.

शेगावकर म्हणाले, आमची पालखी दर वर्षी पंढरपूरला पायी जाते आणि पायीच परत येते. एवढं चालणं जगातल्या कोणत्या स्पर्धेत आहे?

"ती भक्ती आहे हो," सर म्हणाले. "खेळात कशी धरायची?"

"पालखी परत येताना खामगावहून शेगावपर्यंत तुम्हीही चालता ना दरसाल?"

"चालतो."

"दुसऱ्या दिवशी पाय कोणाचे दुखतात? भक्तीचे की तुमचे?"

सरांनी मांडी चोळली आणि शेगाव मंजूर केलं.

सगळ्यात जबरदस्त युक्तिवाद मात्र लोणारचा होता. तिथला प्रतिनिधी शांतपणे उठला आणि म्हणाला, "जिल्ह्यातली सगळ्यात जुनी गोळाफेक आमच्याकडं झाली. हजारो वर्षांपूर्वी. थेट आकाशातून. गोळा पडला तो खड्डा अजून आहे, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंदीचा. तुमच्या कोणाच्या खेळाची एवढी खूण राहिलीये का?"

"पण फेकला कोणी?" भाऊंनी विचारलं. "खेळाडूचं नाव पाहिजे. प्रमाणपत्र पाहिजे."

"2020 साली रामसर यादीत नाव आलंय लोणारचं. अजून कसलं प्रमाणपत्र पाहिजे?"

ती पाणथळ जागांची यादी आहे, हे मला ठाऊक होतं. पण आंतरराष्ट्रीय शब्द कानावर पडला की आमच्या समितीत कोणी पुढं विचारत नाही. लोणार मंजूर.

मग कुस्ती निघाली. 2018 मध्ये जालन्याला झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत बाला रफिक शेख यानं पुण्याच्या अभिजित कटकेला हरवून गदा जिंकली, ती बुलढाण्याच्या नावावर. हा खरा तोलामोलाचा वारसा होता. अडचण इतकीच, की पैलवान मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातला. बुलढाण्याकडून लढला. म्हणजे गाव तिकडचं, गदा इकडची.

"मग मार्ग करमाळ्यापासून सुरू करू," सर म्हणाले.

"करमाळा लय दूर हाय," मामा म्हणाले.

"वारसा लांबचाच असतो," भाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांनी पुढं तीन भाषणांत वापरलं.

एवढ्यात मागून एक शेतकरी गडी उठला. त्याचं म्हणणं साधं होतं. विदर्भातला सगळ्यात जुना रस्त्यावरचा खेळ म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. 2014 मध्ये न्यायालयानं बंद केला, 2021 च्या डिसेंबरात अटींसह मोकळा झाला, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. एवढी कोर्टकचेरी करून परत आलेला दुसरा खेळाडू दाखवा. समिती गहिवरली. मात्र सत्कार बैलाचा करायचा की मालकाचा, यावर तासभर चर्चा झाली. बैलाला शाल दिली तर तो खाईल आणि मालकाला नारळ दिला तर बैलाला काय, असा पेच होता. शेवटी शाल मालकाला, ढेप बैलाला आणि नारळ अध्यक्षांना, असं ठरलं.

यात सरांची एक जुनी सल उफाळून आली. "अमरावतीकडे बघा," ते म्हणाले. "1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन कबड्डी दाखवून आले. हिटलरच्या गावात जाऊन हुतूतू! आणि आपण?"

"आपण बी जाऊ नं," मामा म्हणाले. "आधी रस्ता तं होऊ द्या."

महामार्गाकडच्या मंडळींनी यावर नवाच फाटा फोडला. त्यांचं म्हणणं, खेळाडूंचं सोडा, आमचा रस्ता स्वतःच विक्रमवीर आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा 75 किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत डांबरीकरण करून पुरा केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. 720 माणसं राबली. त्याआधीचा विक्रम कतारचा होता, सव्वीसपेक्षाही कमी किलोमीटर आणि दिवस लागले दहा. हाच महामार्ग पुढं आमच्या जिल्ह्यातून खामगाव, नांदुरा, मलकापूर करत जातो. "विक्रम शेजाऱ्याच्या हद्दीत झाला असला तरी डांबर एकच आहे," असं त्यांनी ठणकावलं. शिवाय मारुती 105 फूट आणि विक्रम 105 तास, हा योगायोग म्हणता येईल का? समितीतल्या एकालाही तसं म्हणवलं नाही.

रात्री घरी बसून मी सगळी यादी जोडली. आमचा वारसा मार्ग आता करमाळ्यापासून निघून जालन्याला कुस्ती बघून, सिंदखेडराजाला मुजरा करून, लोणारच्या विवराला वळसा घालून, मेहकर-चिखली मार्गे बुलढाण्यात येऊन, राजूर घाट उतरून, मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घेत अमरावतीपर्यंत जात होता. प्रथमेश जावकरचं नाव यादीत चौदाव्या क्रमांकावर गेलं होतं. त्याच्या आधी बैल होते.

त्याच यादीत मी आमच्या घरासमोरची बोळ 'अंतिम रेषा स्मारक स्थळ' म्हणून बारीक अक्षरात घातली होती. ती सौभाग्यवतीच्या नजरेतून सुटली नाही.

"हे काय?"

"शाळेत मी दोरी धरायचो ना."

"आत्ता अंगणातली दोरी बांधा. कपडे वाळत घालायचेत."

प्रस्ताव घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथून दुसऱ्यात पाठवलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. यात कोणाचा दोष नव्हता. रस्ता दिसायला एक असला तरी त्याचे मालक ठिकठिकाणी बदलतात. इथवर राष्ट्रीय महामार्ग, मग सार्वजनिक बांधकाम, मग जिल्हा परिषद, वेशीपासून नगरपालिका, वेशीबाहेर ग्रामपंचायत. प्रत्येक टेबलावर आमच्या मार्गाचा एक तुकडा त्यांचा होता आणि उरलेल्या तुकड्यासाठी ते समोरच्या इमारतीकडे बोट दाखवत. खड्ड्यांची मालकी तेवढी कुणीच सांगितली नाही.

शेवटी एका साहेबांनी फाइल खरोखर उघडली. आम्ही श्वास रोखला.

"वारसा म्हणजे जुना पाहिजे," साहेब म्हणाले. "तुमचा किती वर्षांचा आहे?"

"कोण साहेब?"

"वारसा."

"विशीतला आहे साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "विशीतला वारसा? नियमात कसा बसवायचा?"

"मग काय त्याला म्हातारा होऊ द्यायचा?" सर तापले.

"अर्ज देऊन ठेवा," साहेब शांतपणे म्हणाले. "तेवढा वेळ प्रक्रियेला लागतोच."

मग त्यांनी मार्गाची सुरुवात विचारली. आम्ही करमाळा सांगितलं. तो सोलापूर जिल्ह्यात येतो, असं त्यांनी सांगितलं. शेवट विचारला. "त्याची बैठक अजून चालू आहे," भाऊ म्हणाले. साहेबांनी फाइल मिटली आणि त्यावर 'प्रत्यक्ष पाहणी करून सविस्तर प्रस्ताव सादर करावा' असं लिहिलं. आम्ही एकमेकांना पेढे भरवले. आमच्याकडे नकार असा छापील भाषेत आला की तो मंजुरीसारखाच वाटतो.

पाहणीसाठी भाऊंची जीप निघाली. मोजायला टेप, लिहायला वही आणि बसायला क्षमतेच्या दुप्पट माणसं. राजूर घाटात जीप तापली. खाली उतरून आम्ही वाट बघत होतो, तेवढ्यात सरांनी वेळ सत्कारणी लावायला म्हणून टेप काढून रस्त्याची रुंदी मोजायला घेतली. शेळ्या चारणारे एक आजोबा काठी टेकत जवळ आले.

"रेल्वेचा सर्व्हे का बाप्पा?"

"नाही आजोबा."

"खामगाव-जालना रेल्वेचाच असन. माह्या बापाच्या येळेसही आल्ते टेप घेऊन. मोजून मोजून गेले."

इंग्रजांच्या काळापासून मागणी असलेली ती रेल्वे. आम्ही परोपरीनं सांगितलं की हा क्रीडा वारसा मार्ग आहे. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं बरं. टेसन कुठं होनार तेवढं सांगा."

परतीच्या वाटेवर कोणीतरी सुचवलं की जळगाव जामोदकडच्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. पाऊस, पीक, राज्यकारभार सगळ्याचं भाकीत तिथं निघतं, तर आपल्या मार्गाचंही विचारून घ्यावं. भाऊंना कल्पना पटली, पण तृतीया लांब होती. तेव्हा मामांनी जीपमध्येच भाकीत वर्तवलं: "पीक साधारण, पाऊस साधारण, राजा कायम, अन् रस्ता कागदावर." आजवर भेंडवळच्या भाकितांवर वाद झालेले मी ऐकले आहेत. मामांचं भाकीत मात्र निर्विवाद खरं ठरलं.

मंजुरी येईल तेव्हा येईल, निदान एक फ्लेक्स तरी लावू, असं ठरलं. फ्लेक्स ही आमची खरी राष्ट्रीय क्रीडा आहे. त्यात डोक्याच्या आकारावरून माणसाची पदवी कळते. वर मधोमध थोर नेत्यांची डोकी. खाली अध्यक्ष, नमस्काराच्या मुद्रेत, गॉगलसह. त्याखाली उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, संघटक, प्रसिद्धिप्रमुख. त्याखाली शुभेच्छुक, तेही तालुकानिहाय. सगळ्यात खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढा, सचिव. खेळाडूचा फोटो टाकायला जागाच उरली नाही. मग डिझायनर पोरानं एका कोपऱ्यात धनुष्य टाकलं. ते कुठल्याशा पौराणिक मालिकेतलं निघालं. त्याला चाकं नव्हती.

फ्लेक्स कुठं लावायचा यावर पुन्हा घाट आडवा आला. वारसा घाटावरचा, मग फलक तरी घाटाखाली पाहिजे, असा तोडगा निघाला. पर्यटक येतील तिथं फलक हवा, असंही एक शास्त्र त्याला जोडलं गेलं. खरं तर हल्ली समृद्धी महामार्गावरून जाणारा पर्यटक आमच्या जिल्ह्यात शिरतो आणि एखादं लांबलेलं भजन संपायच्या आत बाहेरही पडतो. त्याला थांबवायचं कसं, हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू होता.

पहिले पर्यटक मात्र आले. परजिल्ह्यातली गाडी होती. फ्लेक्ससमोर थांबली. समिती धावली. भाऊंनी शर्ट खोचला.

"भाऊ, लोणारला हाच रस्ता जातो का?" गाडीतून प्रश्न आला.

"हा क्रीडा वारसा मार्ग आहे," सर अभिमानानं म्हणाले.

"हो, पण लोणारला जातो का?"

"जातो. आधी नांदुऱ्याला मारुती, मग शेगाव, मग शंकरपटाचं मैदान..."

"किती वेळ लागेल?"

"मनापासून बघायचं तर चार दिवस."

काच वर गेली. गाडीनं मागं वळण घेतलं आणि मोबाईलमधली बाई सांगेल त्या रस्त्यानं निघून गेली. त्यांची नोंद आम्ही वहीत 'मार्गावरील पर्यटक' या सदरात केली. आठवडाभरानं आमच्या फ्लेक्सवर एका तरुण नेतृत्वाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. त्यावर पुढं दहीहंडीचा, त्यावर शिकवणी वर्गाचा. वारसा आता चार थर खोल गेला होता. त्या हिशेबानं तो खरंच पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत येऊ लागला होता.

एके दिवशी मैदानाच्या कडेनं जाताना धनुष्य घेतलेली दोन-तीन पोरं दिसली. जावकरची बातमी वाचून या खेळाकडं वळलेली. मी सचिवाच्या रुबाबात थांबलो आणि त्यांना आमच्या करमाळा ते अमरावती योजनेची माहिती दिली. पोरांनी आदरानं ऐकून घेतली. नंतर त्यांतली एक मुलगी म्हणाली, "काका, एवढं लांब कायले पाह्यजे? आमाले पन्नास मीटर पुरतेत."

"पन्नास मीटर?"

"हाव. सपाट. अन् मधून कोनी चालत जाऊ नये."

पहिली अट पुरी करणं सोपं होतं. दुसरीनं मी हादरलो. ज्या जिल्ह्यात लग्नाच्या मांडवातून, क्रिकेटच्या खेळपट्टीवरून आणि चालू सभेच्या व्यासपीठावरूनसुद्धा माणूस पलीकडे निघून जातो, तिथं 50 मीटर सरळ जागेतून कोणीही आडवं जाणार नाही, याची हमी कोणत्या खात्यानं द्यायची? मी बोलत असतानाच दोन म्हशी, एक सायकलवाला आणि भाजीची पिशवी घेतलेले एक गृहस्थ मधून गेले. त्या गृहस्थांनी थांबून लक्ष्याकडं पाहिलं आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणून मधेच उभे राहिले.

मी तो मुद्दा बैठकीत मांडला. मला वाटलं होतं हसतील. पण समितीला तो एकदम पटला. शेकडो किलोमीटरची फाइल आणि 50 मीटरची गरज, यातला फरक भाऊंनाही दिसला. "बास!" ते म्हणाले. "मार्ग बिर्ग सगळं रद्द. आपण पोरांना 50 मीटर देऊ." टाळ्या झाल्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी सगळ्यांना पान दिलं, आणि त्या भरात चुनाही बरोबर लावला.

टाळ्या थांबल्यावर मागून आवाज आला. "50 मीटर कोणत्या तालुक्यात?"

पुढचा अर्धा तास काहीच ऐकू आलं नाही. घाटावरचे उभे राहिले, घाटाखालचे टेबलावर चढले. अखेर भाऊंनी न्याय केला. कोणावर अन्याय नको, 50 मीटर तेराही तालुक्यांत समान वाटायचे. सरांनी पेन काढलं. 50 भागिले 13. प्रत्येक तालुक्याला 3 मीटर 84 सेंटीमीटर.

"म्हणजे बाण मेहकरात सुटणार आणि संग्रामपुरात लागणार का?" मी विचारलं.

"सचिवांनी तांत्रिक अडचणी काढू नयेत," भाऊ म्हणाले. ठराव लिहिला गेला.

तेवढ्यात सरांनी सवयीनं गुणाकार करून ताळा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "भाऊ, 13 गुणिले 3.84 म्हणजे 49 मीटर 92. अजून 8 सेंटीमीटर उरतात."

आठ सेंटीमीटर म्हणजे बरोबर दहा गुणांचा गोल. तो एकट्या तालुक्याला देता येत नाही आणि फोडताही येत नाही. घाटावरचे म्हणाले, तो उंचावर शोभेल. घाटाखालचे म्हणाले, लक्ष्य नेहमी समोर असतं, वर नसतं. मतदान घ्यावं तर तालुके घाटाखाली सात आणि घाटावर सहा, म्हणून घाटावरचे मतदानाच्याच विरोधात गेले.

शेवटी या 8 सेंटीमीटरसाठी स्वतंत्र उपसमिती नेमण्यात आली आहे. स्टेपलर माझंच असल्यामुळे सचिव मीच. जागा अजून ठरलेली नाही, पण भूमिपूजनाच्या कोनशिलेचा मसुदा तयार आहे. त्यावर सत्तावीस नावं बसतात आणि शिला दोन मीटर रुंद होते. ती त्या 8 सेंटीमीटरवर उभी कशी राहणार, हा पुढच्या बैठकीचा विषय आहे.